सही न करता उठलेली वाडी

हैदराबाद
३ मार्च २०२५

आत्या, नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. वाचून कुणाला दाखवू नकोस असं लिहिणार होते, पण तू दाखवणारच.

आमच्या कंपनीकडे सध्या रत्नागिरी जिल्ह्याचं काम आहे. कुठला डोंगर पावसात खाली येऊ शकतो, त्याचा नकाशा करायचा. एक उपग्रह दर बारा दिवसांनी आपल्यावरून जातो आणि रडारने जमीन मोजतो. दाट झाडीत त्याला नीट कळत नाही, पण वाडीच्या डोक्यावरचा सडा उघडा कातळ आहे, तिथलं त्याला स्पष्ट दिसतं. त्या सड्याचा कडेचा तुकडा जागचा हलला आहे. दोन वर्षांत साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे तुझ्या दोन बोटांच्या रुंदीएवढा. आणि तो वाडीच्या बाजूला आलाय. बाकी सडा होता तिथेच आहे.

म्हणून नकाशात खालचीवाडी लाल आली आहे. लाल म्हणजे पावसाळ्यात तिथे माणसांनी राहू नये. नकाशा कचेरीत गेलाय, तिथून कुणीतरी तुमच्याकडे येईल. त्यांची वाट बघू नकोस. मे महिन्यात सामान आवर आणि रत्नागिरीला बाबांकडे जा. आई आतली खोली रिकामी करून ठेवतेय. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे.

चौथीपर्यंत मी तुझ्या त्या घरात वाढले. मला ते घर नकोसं झालंय असं मनात आणू नकोस.

तुझी
नमू


खालचीवाडी, कातळकोंड
जि. रत्नागिरी
१८ मार्च २०२५

नमू,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी भांडून घेते.

तुझं पत्र आलं आणि पुढच्याच आठवड्यात, शिमग्याची पालखी वाडीत असताना, तलाठी रंगीत कागद घेऊन हजर. मुंबईकर सगळे आलेले, मुहूर्त बरा साधला त्याने. ढोल थांबवायला लावले आणि सांगितलं, एकतीस घरं उठवायची. हायवेजवळ पत्र्याच्या शेड घातल्यात, तिथे जायचं. मी विचारलं, "चार महिनेच ना?" तर म्हणाला, "कायमचं, बाई." तू चार महिने लिहितेस, तो कायमचं म्हणतो. तुम्ही आधी आपसात ठरवा.

शेजारच्या हौसाने तो कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "ह्यात माजं घर खयं हाय?" तलाठ्याने बोट ठेवलं. नखाएवढा लाल डाग. "एकतीस घरां ह्या नखात?" सगळे हसले. मी नाही हसले.

केरूदादाने एकच विचारलं. "शेडीत गुरांना जागा हाय?" तलाठी नाही म्हणाला. "मग मला पन नाय," म्हणून दादा उठून पालखीकडे गेला. ऐंशीला आलाय, पण अजून रोज गुरं घेऊन सड्यावर चढतो.

तेहतीस वर्षं अंगणवाडी चालवली मी. या वाडीतलं एकेक पोर माझ्या वजनकाट्यावर बसून वाढलंय, तुझ्यासकट. पाच सालचा पाऊस बघितला, एकवीस सालचा बघितला. पऱ्याला पूर येऊन पाणी पडवीत आलं, पण डोंगर कधी आला नाही. तुझा उपग्रह बारा दिवसांनी येतो आणि निघून जातो. आम्ही इथे रोज असतो. सडा हलला असता तर आम्हाला कळलं नसतं?

हा नकाशा काढला कुणी? त्याचं नाव कळव. मला त्याला पत्र लिहायचंय.

मी येत नाही. भाताची भाजावळ झालीय, तरवा याच जमिनीत पेरणार. मुंबईची पोरं गेली की घरोघर जाऊन सांगणार आहे, कुणीही कागदावर सही करायची नाही.

आशीर्वाद.
आत्या


हैदराबाद
२९ मार्च २०२५

आत्या,

नकाशा काढणाऱ्याचं नाव नम्रता. पत्ता तुझ्याकडे आहे, लिही.

मागच्या पत्रात हे लिहायचं धाडस झालं नाही. जिल्हा आम्ही तिघांनी वाटून घेतला होता आणि आपला भाग माझ्या वाट्याला आला. आकडे आले तेव्हा मला वाटलं यंत्र चुकलं. तीनदा नव्याने केलं. शेजारी बसणारा सुजय म्हणाला, "एवढं काय बघतेस, गाव ओळखीचं आहे का?" मी नाही म्हणाले. आणि रंग भरला. त्या डागात तुझं घर कुठे येतं ते मला तलाठ्याच्या आधी माहीत होतं.

कायमचं उठवायचं हे मात्र मला माहीत नव्हतं. आमच्या कामात फक्त धोका किती ते सांगायचं होतं. मी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले पुढचं सरकार बघेल.

आता माझं एक ऐक. "आम्हाला कळलं नसतं?" असं तू लिहिलंस. लहानपणापासून बघतेय, तुला खात्री असली की तू विचारत बसत नाहीस, सांगून मोकळी होतेस. म्हणून सरळ विचारते. सड्यावर भेग आहे का? दारं चौकटीत अडकायला लागलीत का? उन्हाळ्यातही पऱ्याचं पाणी गढूळ येतं का?

भेग असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोक आणि तुझ्या शिवणाच्या टेपने दर आठवड्याला मधलं अंतर मोज. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, टेपवर ठेव.

नमू


कातळकोंड
१० एप्रिल २०२५

नमू,

तू भरलास तो रंग? ज्या हाताला धरून मी तुला अ काढायला शिकवला त्या हाताने? राग अजून गेलेला नाही. पण तुला खोटं लिहिणार नाही.

भेग आहे.

गेल्या गणपतीत गौरीला तेरडा आणायला हौसा आणि मी सड्यावर गेलो होतो, तेव्हा पहिल्यांदा दिसली. हात जाईल एवढी, आणि साठ पावलं लांब. गुरांचे पाय अडकू नयेत म्हणून आम्ही दगडमाती भरली, वर काट्या टाकल्या. दिवाळीत पुन्हा भरली. कुणाला बोललो नाही. केरूदादाला माहीत असणार, पण तोही बोलला नाही. भेग म्हटली की वाडी उठवणार, आणि एकदा उठलेल्या वाडीत पुन्हा कोण येऊन राहतं? मुंबईचे आता शिमग्याला नि गणपतीला येतात. शेडमध्ये कुणाकडे येतील? मी गप्प राहिले ती मला मरणाचं भय नाही म्हणून नव्हे. मला त्या शेडचं जास्त भय वाटलं.

दारही अडकतं. मागचं. रंधा मारून घेतला.

खुंट्या ठोकल्यात. आज एक्केचाळीस इंच.

आता दुसरी गोष्ट. सड्यावर बाळाशेठची चिऱ्याची खाण आहे, तुला आठवत असेल तेव्हा एकच खड्डा होता. हा सरपंच नितेशचा मेव्हणा. तलाठी येऊन गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी हा केरूदादाकडे आला. म्हणाला, तुम्ही गेल्यावर जमीन पडूनच राहणार, त्यापेक्षा मला द्या. हौसाकडेही गेला. नमू, जिथे माणसाने राहू नये म्हणून सरकार सांगतं ती जमीन ह्याला कशाला हवी?

तुझ्या उपग्रहाला फक्त आजचंच दिसतं की मागचंही आठवतं? आठवत असेल तर त्याला विचार, ती खाण कुठल्या साली कुठपर्यंत होती.

आत्या


हैदराबाद
२१ एप्रिल २०२५

आत्या,

आठवतं. सगळं आठवतं त्याला.

रडारवाला वेगळा, फोटो काढणारा वेगळा. फोटोवाल्याचे दहा वर्षांपूर्वीपासूनचे फोटो जगात कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. कंपनीचं काहीही न वापरता मी रविवारी घरी बसून हे केलं. सोबत आठ कागद आहेत, दर वर्षाच्या फेब्रुवारीचा एक. त्यातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर, तेव्हा घरं शोधू नकोस, दिसणार नाहीत. खाण शोध. तांबडी, उघडी जागा. अठरा सालच्या कागदावर दोन खड्डे आहेत. एकविसात पाच. बाविसात खाण कडेकडे वळते आणि तेविसात थेट वाडीच्या डोक्यावर येऊन थांबते. तुटका चिरा आणि माती पऱ्याच्या मुखाशी ढकललेली दिसते. आणि रडारचे आकडे सांगतात की त्या तुकड्याने सरकायला सुरुवात केली ती तेविसाच्या पावसात. त्याआधी तो जागचा हललेला नाही. म्हणजे तू म्हणत होतीस तेही खरं. डोंगर कधी येत नव्हता.

जांभ्याच्या खाली मऊ पांढुरकी माती असते. खड्ड्यांत पाणी साठतं, मुरतं, ती माती साबणासारखी होते आणि वरचं घसरतं.

हे घेऊन मी साहेबांकडे गेले. नकाशापाठोपाठ जो अहवाल जातो त्यात 'कारण' म्हणून एक रकाना आहे. त्यात आधीच छापलेलं होतं, 'अतिवृष्टी व तीव्र उतार'. मी म्हटलं, इथे खाण लिहायला हवं. साहेब म्हणाले, "आपलं काम कुठे ते सांगायचं, का ते नाही. सही कर." मी केली नाही.

खाणीचा परवाना कोणत्या गटाला आहे ते ग्रामपंचायतीत विचार. आठव्या कागदावर मी गटांच्या हद्दी काढून ठेवल्यात.

पण आत्या, कारण काहीही असलं तरी येईल तो तुमच्याच अंगावर येईल. भांड, पण पावसाआधी निघायचं ठरवून भांड.

नमू


कातळकोंड
४ मे २०२५

नमू,

एक मेची ग्रामसभा झाली. सगळं सांगते.

परवाना गट नंबर एकशे बाराचा आहे. तुझ्या कागदावर खाण एकशे अठरात शिरलीय, आणि एकशे अठरा हे गावाचं गायरान. ग्रामसेवकाकडून परवान्याची नक्कल मिळवायला मला चार खेपा पडल्या. चौथ्या खेपेला मी डबा घेऊन गेले आणि त्याच्या टेबलासमोर जेवायला बसले. मग मिळाली.

सभेत पुनर्वसनाचा विषय आला तशी मी उठले आणि तुझे आठही कागद टेबलावर ओळीने मांडले. बाळाशेठ मागे खुर्चीत बसला होता.

"हे फोटो कुठून आणलेत?" नितेशने विचारलं.

"वरून."

"वरून म्हणजे?"

"तुमच्या आणि माझ्या, दोघांच्या डोक्यावरून."

बाळाशेठ उठून आला. म्हणाला, "काकी, कॉम्प्युटरवर काय पण बनवतात आजकाल. उद्या तुमचा चंद्रावरचा फोटो आणून देतो." लोक हसले, आपलेसुद्धा. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात केरूदादा पुढे आला. त्याने चष्मा पुसला आणि अठरा सालच्या कागदावर एक हिरवा ठिपका दाखवला. "ह्यो काय?" मला माहीत नव्हतं. तोच म्हणाला, "ह्यो झरा. फागात सगला सडा जलतो, पन ह्या झऱ्याकडं गवत हिरवां रवतां. माजी गुरां थयं पानी पित." मग एकेक कागद सरकवत गेला. एकोणीस, आहे. वीस, आहे. एकवीस, आहे. बाविसाला बोट थांबलं. तिथे तांबडं होतं. "बाविसाला ह्यानं झरा फोडलान," दादा बाळाशेठकडे न बघता म्हणाला. "मी तवाच बोल्लो व्हतो, कोन आयकलान नाय. आता ह्यो कागद पन बोलतो."

पुढे कुणी हसलं नाही. हौसा उठली आणि भेगेचं सगळं सांगून टाकलं. ठराव झाला. खाण बंद करावी आणि वाडी उठण्याचं कारण खाण म्हणून नोंदवावं. नितेशने हात वर केला नाही, पण ठराव अडवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा जण एसटीने कचेरीत गेलो. साहेब चांगले बोलले, चहा सांगितला. म्हणाले, खाणीचं नंतर बघू, आधी स्थलांतराच्या संमतीपत्रावर सह्या करा. मी वाचलं. 'नैसर्गिक आपत्तीच्या संभाव्य धोक्यामुळे स्वखुशीने कायमस्वरूपी जागा सोडत आहोत.' मी म्हटलं, ह्यात तीन शब्द खोटे आहेत, नैसर्गिक, स्वखुशीने आणि कायमस्वरूपी. ते म्हणाले, नमुना ठरलेला आहे, बदलता येत नाही.

तेव्हा आमचं ठरलंय. हा कागद बदलल्याशिवाय एकही घर उठणार नाही.

आज खुंट्यांमधलं अंतर एक्केचाळीस इंच आणि वर तीन दोरे, अर्ध्या इंचाला थोडंसंच कमी.

तू सही केली नाहीस हे मी दोनदा वाचलं. राग गेला.

आशीर्वाद.
आत्या


हैदराबाद
१४ मे २०२५

आत्या,

कालपासून ग्रामपंचायतीचा फोन सातदा लावला. "निरोप देतो" म्हणतात. हौसाकाकूच्या फोनला रेंज नाही. म्हणून हे पत्र बाबांना पाठवतेय. ते छापून उद्या पहिल्या एसटीने स्वतः आणून देतील. ते समोर असतानाच वाच.

रडारचे आकडेही फुकट मिळतात, परवाचे नवे मी घरीच काढले. वेग वाढलाय. जेवढं आधी तीन महिन्यांत सरकत होतं, तेवढं या बारा दिवसांत सरकलं. तुझ्या खुंट्याही तेच सांगत असतील. आणि या वर्षी जूनची वाट बघायची नाही. येत्या आठवड्यात कोकणात जोराचा पाऊस होईल असा अंदाज आहे.

तू लिहिलंस, कागद बदलल्याशिवाय एकही घर उठणार नाही. आत्या, तुम्ही दोन गोष्टींची एकत्र गाठ मारून बसलात. सही करणं वेगळं आणि निघणं वेगळं. निघायला सही लागत नाही. कुणाच्या परवानगीने आपण गौरी आणायला सड्यावर जातो? तसंच उठायचं आणि जायचं. संमतीपत्र टेबलावर कोरं राहू दे. शेडमध्येही जाऊ नका. पऱ्याच्या पलीकडे जी सोंड आहे, जिच्यावर हायस्कूल आहे, ती माझ्या नकाशात हिरवी आहे. गेल्या सगळ्या वर्षांत ती केसाएवढीही हललेली नाही. सुट्टी आहे, शाळा रिकामी असेल. तिथे जा. तिथून वाडी समोर दिसते, म्हणजे तुम्ही वाडी सोडलीत असं कुणी म्हणू शकणार नाही.

तुम्ही घरात राहून मेलात, तर त्या रकान्यात अतिवृष्टीच लिहितील आणि नाही म्हणायला कुणी उरणार नाही.

एक राहिलं. सही केली नाही म्हणून मला कामावरून काढलंय, एप्रिलच्या शेवटी. तुला कळवणार नव्हते. पण मी तुझ्याकडे खरं मागते आणि स्वतः लपवते, हे बरं नाही.

नमू


हायस्कूल, कातळकोंड
३० मे २०२५

नमू,

आम्ही सगळे जिवंत आहोत. तुझ्या वडिलांनी फोन केलाच असेल, तरी माझ्या हाताने लिहिते म्हणजे तुला पटेल.

तुझं पत्र तुझ्या वडिलांनी हातात दिलं तेव्हा मी काजूच्या बिया वाळत घालत होते. वाचून तशीच उठले आणि फणसाखाली सगळ्यांना बोलावलं. मोठ्याने वाचलं. बायका ऐकत राहिल्या, बापये चिडले. आपणच ठरवलं आणि आपणच पळायचं? हौसा म्हणाली, "पलतंय कोन? सही मागतात ती देत नाय, जागा देतात ती घेत नाय. आपन आपल्या पायानी आपल्या शालेत जातंव. ह्याला पलनं म्हनतात?" तिथे ते मिटलं. सकाळी आम्ही भेग बघायला गेलो. बेचाळीस इंच आणि वर. मग सगळे बांधाबांधीला लागले.

शाळेच्या मृणालीबाईंनी कुणाला न विचारता किल्ली दिली. म्हणाल्या, "विचारलं तर जूनपर्यंत उत्तर येणार नाही." अठरा आणि एकोणीस तारखेला सगळी वाडी आली. देव, भांडी, बियाणं, कोंबड्या. गुरं शाळेच्या मागच्या आवारात. कचेरीतून माणूस आला, म्हणाला ही ठरलेली जागा नाही, शेडमध्ये चला, संमतीपत्र आणलंय. मी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं.

वीस तारखेपासून पाऊस लागला तो थांबेचना.

सव्वीसला सकाळी साडेनऊची वेळ. बायका व्हरांड्यात भाकऱ्या करत होत्या. मला कमी ऐकू येतं, पण पायाखालून कळलं. मान वर केली तर समोर सड्याची कड तिरकी झालेली दिसली. झाडं उभीच होती नमू, उभी राहूनच खाली येत होती. मग सगळं एकदम सुटलं. चहा गार होतो तेवढाही वेळ लागला नाही. चौदा घरं गेली. आपलंही गेलं. पडवीचा एक खांब बाहेर दिसतो, बाकी तांबडी माती. कुणी रडलं नाही लगेच. हौसाने तव्यावरची भाकरी करपली म्हणून उतरवली आणि मग ती खाली बसली.

केरूदादाची एक गाय आदल्या दिवशी दावं तोडून वाडीकडे गेली होती. ती सापडली नाही. तो रोज पऱ्याच्या कडेला जाऊन उभा राहतो.

अठ्ठावीसला पंचनामा. कचेरीतले साहेब स्वतः आले, चिखलात, डोक्यावर प्लास्टिक घेऊन. छापील कागदावर कारण 'अतिवृष्टी'. पंच म्हणून सह्या हव्यात म्हणाले. एकानेही केली नाही. साहेब म्हणाले, "बाई, सही नसेल तर मदत अडेल. मला तुमचं वाईट करायचं नाही." मी म्हटलं, "साहेब, आमचं एक माणूस गेलेलं नाही. का माहीत आहे? ज्या पोरीला खाणीचं कारण लिहू दिलं नाही, तिच्याच पत्रामुळे. आता तुम्ही लिहा." त्यांनी आठ कागद मागून घेतले, एकेक बघितले. मग खिशातून पेन काढून स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'गट ११८ मधील अनधिकृत उत्खननाबाबत ग्रामस्थांची हरकत. उपग्रह छायाचित्रे सोबत जोडली.' हरकत म्हणूनच लिहिलं, कारण म्हणून नाही. पण लिहिलं. मी सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मग एकतीस घरांनी सह्या केल्या.

काम गेल्याचं तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. अशा वेळी माणूस आपल्या माणसाला सांगतं.

आत्या


हैदराबाद
९ जून २०२५

आत्या,

तुझं पत्र वाचून मी रडले, ते घरासाठी. माणसं वाचली आणि मी घरासाठी रडते याची लाज वाटली. तरी रडून घेतलं.

काल जुन्या साहेबांचा फोन आला. ते आठ कागद कंपनीच्या नावावर येता कामा नयेत, तसं लिहून दे म्हणाले. मी लिहून दिलं, आनंदाने. कंपनीचा त्यांच्याशी काही संबंध नाही, ते नम्रताने केलेत, घरी बसून, आणि कुठल्याही साक्षीला ती उभी राहील. खाली सही केली. या वर्षातली माझी ही पहिली सही.

सुजयने परवा गुपचूप विचारलं, "खड्डे कसे मोजलेस, मला शिकव ना." त्याचं गाव गुहागरकडे आहे. त्याला शिकवलं.

मी इथली खोली सोडतेय. रत्नागिरीला येते. लॅपटॉप आहे, फोटो फुकट आहेत. पुढचं तिथे आल्यावर बघू. तुला माझ्याकडे ये म्हणणार होते, पण तू येणार नाहीस, म्हणून मीच येते.

नमू


कातळकोंड
१२ ऑगस्ट २०२५

नमू,

तू रत्नागिरीत, मी इथे, अडीच तासांवर, तरी पत्र लिहितेय. शनिवारी येतेस तेव्हा घोळक्यात धड बोलणं होत नाही.

शाळा सुरू झाली तेव्हापासून आम्ही मागच्या दोन वर्गांत आणि मृणालीबाईंच्या घरी वाटून राहतो. पोरं पाढे म्हणतात तेव्हा हौसाही म्हणते. सोंडेवरची जी जागा तू तपासून दिलीस ती मोजणीवाले येऊन मोजून गेले. मंजुरी यायचीय. पण बापयांनी जोत्यांच्या खुणा घालायला सुरुवात केलीय. मंजुरी आली की जोती, नाही आली तरी जोती.

खाण बंदचा हुकूम निघाला हे तुला ठाऊक आहे. बाळाशेठने त्यावर वरती दाद मागितलीय. त्याचं म्हणणं, दरड पावसाने आली, खाणीचा संबंध नाही. काल नितेश आला होता. मेव्हण्याचा निरोप घेऊन आला असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं. व्हरांड्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "काकी, मेमध्ये नम्रताचा फोन मीच घेतला होता. निरोप मुद्दाम दिला नाही." मग म्हणाला, "सुनावणीत हे सांगू का?" मी म्हटलं, "मला विचारू नकोस. तुला सांगायचं असेल तर बावीस तारखेला गाडीत बस."

त्या दिवशी रत्नागिरीला सुनावणी आहे. अकरा वाजता. पोटल्याकोंडच्या आणि शेजारच्या वाडीच्या बायका येऊन गेल्या, त्यांच्याही डोक्यावर खाणी आहेत, त्याही येतो म्हणाल्यात. आपल्या वकिलाला मी कळवलं तर तो घाबरला. म्हणाला, एवढ्यांना आत सोडणार नाहीत. म्हटलं, नाही सोडलं तर पायऱ्यांवर बसू. पाऊस असला तर छत्र्या घेऊन बसू. आमच्यातला एकेक जण आत जाईल, आपलं घर कुठे होतं ते सांगेल आणि बाहेर येईल. एकतीस घरं आहेत, वेळ लागेल. त्यांनाही बसावं लागेल.

सगळ्यांत आधी तुला उभं करणार आहेत. समोरचा वकील तुला पोरगी म्हणेल, कामावरून काढलेली म्हणेल, आत्याचं घर गेलं म्हणून खोटं बोलते म्हणेल. म्हणू दे. तू खाली बघायचं नाहीस. आम्ही मागे आहोत.

एसटी डेपोत सांगून दोन गाड्या ठरवल्यात. पावणेसातला शाळेसमोरून सुटतील, म्हणजे साडेनवाला आम्ही तिथे. तू घरून जेवून ये, आणि उशीर करू नकोस.

आत्या